वेदीच्या 'वर' नाही हो, पाठीमागे!

प्रश्न आलाय की चर्चमध्ये वेदीच्या वर जे मोठं धार्मिक चित्र असतं त्याला मराठीत काय म्हणायचं, आणि 'वेदीचित्र' चालेल का. सांगतो, पण आधी तो 'वर' काढा, कारण सगळा घोळ तिथेच सुरू होतो.

दर वेळी जुन्या गोव्याला गेलो की कानावर तेच पडतं. सी कॅथेड्रलमध्ये गाइड समोरच्या त्या प्रचंड सोनेरी कोरीवकामाकडे हात करून म्हणतो, "ही सोन्याची वेदी." अहो, ती वेदी नाहीच! वेदी म्हणजे त्याच्या पुढ्यातलं टेबल, ज्यावर भाकर आणि द्राक्षारस ठेवून मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, होते. मागे जे उभं आहे, संत कॅथरीनच्या आयुष्यातले आणि हौतात्म्याचे प्रसंग कोरलेलं, ते लाकूड आहे, वर सोन्याचा मुलामा, आणि पोर्तुगीजमध्ये त्याला शब्द आहे 'रेताबुलो'. वेदी आणि रेताबुलो या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आता तर नुसत्या डोळ्यांनीही ते कळतं, कारण १९६२ ते ६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर पाद्री समोर जमलेल्या लोकांकडे तोंड करून मिस्सा म्हणायला लागले, मग बहुतेक ठिकाणी टेबल पुढे आलं आणि सोनेरी भिंत आपली मागेच राहिली, मधे माणूस उभा राहील एवढी जागा.

रेताबुलोची फोड सरळ आहे, लॅटिन रेत्रो म्हणजे मागे आणि ताबुला म्हणजे फळी, मागची फळी, झालं. पण खरी गंमत याच वस्तूच्या इंग्रजीतल्या एका शब्दात आहे आणि त्यासाठीच मी हे लिहायला बसलो. 'रिअरडॉस' हा शब्द इंग्लंडमधल्या जुन्या फ्रेंचमधून आला, तिथे तो 'आरेरेदोस'. आरेरे म्हणजे मागे, दोस म्हणजे पाठ. आता हे मराठीत म्हणून बघा. पाठी-मागे! आपण दिवसातून पन्नास वेळा म्हणतो, "दाराच्या पाठीमागे बघ", तोच शब्द, तीच जोडणी, फक्त आपल्याकडे पाठ आधी आणि मागे नंतर. आणि तो 'मागे' तरी काय आहे, संस्कृत मार्ग, त्याचा प्राकृतात मग्ग, म्हणजे एखाद्याच्या वाटेने, त्याच्या पावलांवर, आणि पुढे त्याचा अर्थच झाला पाठीमागून. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा कोश हातात धरून मी घरातल्या सगळ्यांना बोलावून सांगितलं होतं.

माझं म्हणणं असं आहे की हा योगायोग नाही. देवासमोर उभ्या माणसाची नजर देवावर असते, बाकी जे काही आहे ते देवाच्या मागे, आणि नाव पडतं ते त्या जागेवरून, चित्रात काय आहे त्यावरून नाही. नाथद्वाऱ्याची पिछवाई आठवा! श्रीनाथजींच्या मागे टांगायचं रंगवलेलं कापड, त्यावर गाई, कमळं, रासलीला काय वाट्टेल ते असो, नाव मात्र 'पीछे'वरून. लॅटिन, फ्रेंच, हिंदी, तिघांनीही चित्राकडे न बघता जागेकडे बघितलं. भाषाशास्त्रवाले म्हणतील अशा तीन उदाहरणांवरून नियम होत नाही, म्हणू देत, चौथं उदाहरण त्यांनी उलट दिशेचं आणून दाखवावं.

म्हणूनच 'वेदीचित्र' मला पटत नाही. जुन्या गोव्यातल्याच बॉम जीझसच्या बॅसिलिकात, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, मुख्य रेताबुलोत चित्र कुठाय? खाली छोटा बाळ येशू, त्याच्या वर संत इग्नेशियसचा भला मोठा पुतळा, तो मान वर करून किरणांच्या सूर्यचक्राकडे बघतोय, त्या चक्रात येशूच्या नावाची अक्षरं, आणि त्याच्याही वर त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. सगळी मूर्तिकला. याला चित्र म्हणणारे कोशकार तिथे कधी उभे राहिलेत की नाही अशी मला शंका आहे. काही जण 'मखर' सुचवतात, पण मखर मूर्तीला कवेत घेतं आणि सण संपला की निघतं. 'प्रभावळ' त्यातल्या त्यात जवळची, मूर्तीच्या मागेच असते, पण ती एका मूर्तीची. आणि माझे एक संस्कृतवाले स्नेही 'वेदीपृष्ठालंकरण' म्हणतात, त्यांना म्हटलं हे एका दमात म्हणून दाखवा.

'ट्रिप्टिक'चं, म्हणजे वेदीमागच्या तीन फळ्यांच्या चित्राचं, पण सांगून टाकतो, कारण हल्ली भिंतीवर तीन फोटो ओळीने लावले की लोक त्याला ट्रिप्टिक म्हणतात. ग्रीक प्तिखे म्हणजे घडी. बिजागरीवर मिटलं पाहिजे, तर ती घडी! बेल्जियममधल्या गेंटचं, चित्रकार व्हान आइक बंधूंचं १४३२ चं वेदीमागचं काम तर तीनापेक्षा कितीतरी जास्त फळ्यांचं आहे, पण तत्त्व तेच. मिटलं की बाहेरच्या बाजूला फिके रंग, दगडी पुतळ्यांसारखे रंगवलेले दोन संत योहान, आणि सणाला दारं उघडली की आत लाल, हिरवा, सोनेरी असा उजेड. वर्षातले बरेच दिवस लोक बंद दारंच बघायचे, म्हणून तर उघडण्याला किंमत होती. तुमचे तीन फोटो मिटतात का?

वेदी शब्दाबद्दलही थोडं, राहवत नाही. मराठी बायबलने आल्तारसाठी (इंग्रजीत ऑल्टर) वेदी घेतला तो चांगलाच केला, पण आपली मूळ वेदी उंच नव्हे, खणलेली. शतपथ ब्राह्मण या यज्ञविधींवरच्या वैदिक ग्रंथात गोष्ट आहे, वामन विष्णू दमून वनस्पतींच्या मुळांत लपला, देवांनी खणलं तर तीन बोटांवर सापडला, म्हणून वेदी तीन बोटं खोल करायची. आणि तिच्यामुळे देवांना पृथ्वी मिळाली म्हणून नाव वेदी, विद् म्हणजे मिळणं, सापडणं. 'वेद'वरून वेदी म्हणजे ज्ञानाची जागा असं जे सांगत सुटतात त्यांनी ते पान उघडून बघावं.

तर तुमचा प्रश्न. गोव्याबद्दल लिहिताय तर बिनधास्त रेताबुलो लिहा, तो तिथलाच शब्द आहे. बाकी ठिकाणी मी 'पाठफलक' लिहितो. फलक जुनाच आहे, संस्कृत नाटकातले राजे चित्रफलकावरच चित्रं काढतात, आणि पाठीमागचा म्हणून पाठ. कोरीव असो, रंगवलेला असो, दारांचा असो, सगळ्याला चालतो. वेदीचित्र लिहायचंच असेल तर निदान तिथे खरोखर चित्र आहे एवढं बघून लिहा.