संकटात ‘सगळं देवाच्या हातात आहे’ यावर विश्वास कसा ठेवायचा?

ताई, तुम्ही लिहिलंय की यजमानांची नोकरी जाऊन आठ महिने झाले, घराचे हप्ते थकलेत आणि चर्चच्या मंडळीतली माणसं बायबलमधलं यिर्मया 29:11 पाठवत राहतात, ‘तुमच्या हिताचे संकल्प मी जाणतो’ असं देव म्हणतो ते वचन. ते वाचून उलट रडू येतं. विश्वास कमी पडतोय का, असं विचारलंत. मला तसं अजिबात वाटत नाही.

मलाही लोकांनी तेच वचन पाठवलं होतं, जून 2020 मध्ये. दापोली तालुक्यात आमची नारळी-पोफळीची वाडी. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि काही तासांत आजोबांच्या हातची झाडं आडवी झाली. कौलं उडाली, कित्येक दिवस वीज नव्हती. त्यात ‘तुमच्या हिताचे संकल्प’ हे शब्द बोचले. रागारागाने मी पुढचं-मागचं वाचायला घेतलं.

ते एक पत्र आहे. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या यहुदी लोकांना यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमेहून लिहिलेलं. आदल्याच अध्यायात हनन्या संदेष्टा दोन वर्षांत सुटकेची हमी देतो आणि खोटा ठरतो. यिर्मया मात्र सत्तर वर्षं सांगतो, अगदी 10व्या वचनात. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांचा देह बाबेलातच पडणार होता! मग तोवर करायचं काय? घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, मुलाबाळांची लग्नं करा. भिंतीवर 11वं वचन लावतो आपण, पण मला धरून ठेवलं ते या पाचव्या-सहाव्याने.

बाबा तेव्हा 74 वर्षांचे. त्यांनी आधी केळी लावल्या, कारण पोफळीच्या रोपाला सावली लागते आणि वाडीत सावली उरलीच नव्हती. मग रोपं. सुपारी धरायला पाच-सहा वर्षं, नारळाला त्याहून जास्त. शेजारी म्हणायचे, या वयात कशाला? बाबा म्हणायचे, “वाडी देवाची. झाडांना आळी करणं माझं.” 2023 मध्ये बाबा गेले. गेल्या वर्षी पोफळीला पहिला घड आला, तेव्हा मी झाडाला धरून रडलो.

ते वादळ देवाने का येऊ दिलं, हे मला सांगता येत नाही. आपल्याला शिकवायला पाठवलं, असं कोणी म्हटलं की मी तिथून उठतो. “तुम्ही वाईट योजलं, देवाने चांगलं योजलं,” हे बायबलमधला योसेफ त्याला खड्ड्यात टाकून विकणाऱ्या भावांना म्हणाला खरं, पण खड्ड्यात असताना नव्हे. 17व्या वर्षी विकला गेला तो, आणि हे शब्द आले जवळजवळ चाळीस वर्षांनी, बापाला पुरून आल्यावर. तुम्हाला ते आठव्या महिन्यात म्हणता आले नाहीत, तर त्यात अविश्वास कसला?

बँकेत जाऊन हप्त्यांची मुदत वाढवून मागा. पाळकांना नुसतं ‘प्रार्थना करा’ न म्हणता थकलेला आकडा सांगा. यजमानांना मिळेल ते काम घेऊ द्या. हे सगळं देवावर भरवसा ठेवूनच होतं, त्याला बाजूला सारून नाही.

आणि रात्री स्तोत्र 13 दोघांनी मोठ्याने वाचा. पहिल्या दोन वचनांतच दावीद चार वेळा ‘कुठवर?’ विचारतो. शेवटच्या ओळींत तो देवाचं गीत गातो. तिथवर आवाज पोचला नाही तर ‘कुठवर’पाशीच थांबा, उद्या पुन्हा वाचा. तुम्हा दोघांसाठी मीही रोज प्रार्थना करतो आहे.