'लँड-ग्रँट कॉलेज'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न एका भाषांतरकार बाईंचा आहे. आयोवातल्या शेतकरी कुटुंबावरचा लेख त्या मराठीत आणतायत. त्यात वडिलांचं एक वाक्य आहे, आशय असा: 'ते लँड-ग्रँट कॉलेज होतं, आमच्या राज्याचं होतं.' त्यांना कुणी 'भूदान महाविद्यालय' सुचवलं, कुणी 'इनामी महाविद्यालय', कुणी 'भू-अनुदानित'. यातलं काय घ्यावं?

माझ्या मते तिन्ही नकोत, पण तिन्ही वेगवेगळ्या कारणांसाठी.

'भूदान' म्हटलं की आपल्यापुढे विनोबा येतात, पदयात्रा येते, स्वतःच्या रानातला तुकडा काढून देणारा माणूस येतो. इथे तसलं काही नाही. १८६२ साली अमेरिकी संसदेने मॉरिल कायदा केला आणि २ जुलैला लिंकनची त्यावर सही झाली. राज्याचे संसदेत जितके सदस्य, सिनेटवाले धरून, त्या प्रत्येकामागे ३० हजार एकर सरकारी जमीन राज्याला मिळाली. पण ती कॉलेज बांधायला नव्हतीच. ती विकायची, पैसा गुंतवायचा आणि व्याजावर शेती नि यंत्रविद्या शिकवणारं कॉलेज चालवायचं, असा बेत होता. मुद्दलातला फार तर दहावा हिस्सा जागेसाठी किंवा प्रयोगशेतासाठी वापरता येई. इमारतींवर या निधीतला पैसा घालायला चक्क बंदी होती.

ज्या राज्यांत सरकारी जमीन उरलीच नव्हती त्यांच्या हाती नुसते कागद पडले. हक्कपत्रं म्हणा हवं तर. न्यूयॉर्कचे सदस्य ३३, म्हणून कागद ९ लाख ९० हजार एकरांचे. त्यातले बरेचसे एझरा कॉर्नेल यांनी विकत घेतले आणि त्यांवर दूर विस्कॉन्सिनमधलं पाइनचं जंगल निवडून ठेवलं. भाव चढेपर्यंत धीर धरला, आणि पुढे त्या लाकडाच्या नि जमिनीच्या पैशावर कॉर्नेल विद्यापीठ पोसलं गेलं. म्हणजे कॉलेज एका राज्यात आणि त्याची 'लँड' दुसऱ्याच राज्यात. 'दानात मिळालेल्या जमिनीवर उभं असलेलं कॉलेज' असा अर्थ लावणारा वाचक इथेच फसतो.

शिवाय दान कुणी केलं? यातली जमीन मूळ रहिवाशांच्या टोळ्यांकडून तहांनी, दडपणाने आणि काही ठिकाणी सरळ बळाने घेतलेली होती. सगळी मिळून एक कोटी एकरांच्या वर भरते. याला मराठीत शब्द आहेच, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. तिथल्या आदिवासींच्या स्वतःच्या कॉलेजांना लँड-ग्रँटच्या यादीत जागा मिळायला १९९४ साल उजाडलं.

'इनामी' त्यामानाने जवळचा. देवस्थान इनाम आठवा: शेत देवाच्या नावावर, पीक येईल त्यावर दिवाबत्ती, नैवेद्य, उत्सव. उत्पन्नावर संस्था चालायची, ही कल्पना तीच. पण गंमत अशी की नियम बरोब्बर उलटा आहे. देवस्थानाची जमीन विकता येत नाही. मॉरिलची जमीन विकण्यासाठीच होती, आणि हात लावायची मनाई विकून आलेल्या रकमेला.

'अनुदानित' तर नकोच नको. आपल्याकडे त्या शब्दाला शिक्षकांच्या पगाराचा वास आहे. 'भू-अनुदानित' वाचून कुणीतरी 'मग विना-भू-अनुदानित कुठलं?' असं विचारेलच.

एकच शब्द हवा असेल तर 'भूनिधी महाविद्यालय' करून बघा. जमिनीतून झालेला निधी, एवढंच सांगतो, दानाचा आव आणत नाही. नाहीतर सरळ 'लँड-ग्रँट' ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या ओळीत खुलासा करा.

खरी अडचण मात्र वाक्याच्या उत्तरार्धात आहे, 'आमच्या राज्याचं'. त्यात त्या कॉलेजचं सगळं काम आलं. १८८७ च्या हॅच कायद्याने कॉलेजांना जोडून प्रयोग केंद्रं आली, १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने 'एक्स्टेन्शन' आलं, म्हणजे कॉलेजातलं ज्ञान शेतकऱ्यापर्यंत पोचवण्याचं काम. आपण त्याचं 'विस्तार' केलं आणि शब्द मेला. 'संचालक, विस्तार शिक्षण' ही पाटी वाचून काय विस्तारतंय ते कुणालाही कळत नाही. त्यापेक्षा कार्व्हर आठवा. आयोवाच्याच कृषी महाविद्यालयात शिकला आणि टस्कीगीच्या संस्थेत शिकवायला गेल्यावर १९०६ साली अवजारं नि बियाणं भरलेली गाडी त्याने खेडोपाडी धाडली. याला मराठीत 'बांधावर जाणं' म्हणतात. लेखात 'विस्तार सेवा' दिसेल तिथे हे वापरा.

एक सावधगिरी. तिथला जिल्ह्याचा शेती सल्लागार हा कॉलेजच्या गोतावळ्यातला माणूस असतो. त्याला 'कृषी सहायक' केलंत तर मराठी वाचक त्याला सरकारी कृषी खात्यात नेऊन बसवेल. आपल्याकडे बांधावरचं काम मुख्यतः खात्याकडे आहे, विद्यापीठाकडे त्यातला वाटा. पंतनगरला १९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने याच धर्तीवर पहिलं कृषी विद्यापीठ निघालं (त्याला मात्र तराईतली खरीखुरी जमीन मिळाली, विकायला नव्हे, कसायला). मग राहुरी १९६८, अकोला १९६९, परभणी आणि दापोली १९७२. गावात या चौघांचं पूर्ण नाव कुणी घेत नाही. दुकानात बियाण्याची पिशवी उलटीपालटी करत शेतकरी विचारतो, 'हे कंपनीचं का विद्यापीठाचं?' त्या षष्ठीत जे आहे तेच आयोवाच्या वडिलांच्या बोलण्यात आहे.

म्हणून ते वाक्य मी असं करीन: 'कॉलेज सरकारी जमिनीच्या पैशावर निघालेलं, पण आम्ही ते आमचंच धरून चालायचो.' 'राज्य' हा शब्द गळला, हे माहीत आहे. वडील शेतकरी आहेत. ते 'राज्य' म्हणणार नाहीत.