दृष्टिभ्रम, भास, मृगजळ की चकवा?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेनं विचारलंय की, विज्ञान प्रदर्शनासाठी मुलं ‘ऑप्टिकल इल्युजन’चे, म्हणजे डोळ्यांना फसवणाऱ्या आकृत्यांचे तक्ते करताहेत, तर मथळा ‘दृष्टिभ्रम’ द्यावा, ‘भास’ द्यावा की ‘मृगजळ’? मुलं आपसात ‘चकवा’ म्हणतात, ते चालेल का?

मृगजळ आधी बाजूला काढू. नवतप्यात, म्हणजे मे महिन्याच्या अखेरच्या कडक उन्हात, डांबरी सडकेवर पुढे पाणी साचल्यासारखं दिसतं. सडकेलगतची हवा तापून विरळ होते, आकाशाकडून तिरपा येणारा प्रकाश तिच्यात वळून पुन्हा वर येतो आणि आपल्या डोळ्यात शिरतो. म्हणजे सडकेवर दिसतो तो आकाशाचाच तुकडा. मोबाइलच्या फोटोतही तो येतो. डोळ्यानं काही चूक केलेली नाही, ‘हे पाणी आहे’ एवढा निष्कर्ष मात्र आपला. त्यामुळे मृगजळ हा सगळ्या प्रकारांचा मथळा होऊ शकत नाही.

‘भास’ आणि ‘भ्रम’ बोलताना एकमेकांच्या जागी येतात, पण फरक जपण्यासारखा आहे. सामसूम वाटेवर मागून कुणी हाक मारली असं वाटतं आणि वळून बघावं तर कुणीच नसतं, तो भास. भ्रमाला समोर काहीतरी असावं लागतं. दोरीवर साप दिसतो हे वेदान्तातलं जुनं उदाहरण घ्या: दोरी आहे म्हणून साप दिसतो. तक्त्यावर रेघा खरोखरच काढलेल्या असतात, म्हणून मथळा ‘दृष्टिभ्रम’च योग्य.

तरी या शब्दात एक अडचण उरते, आणि मला ती फार मोलाची वाटते. मराठीत भ्रम फिटतो. बॅटरी मारली की साप जातो आणि दोरी उरते, पुन्हा बघितलं तरी दोरीच. जर्मन मानसशास्त्रज्ञ म्युलर-लायर यांनी 1889 साली मांडलेली आकृती मात्र तशी नाही. दोन सारख्या लांबीच्या रेघा. एकीच्या टोकांची पाती बाणासारखी आत वळलेली, दुसरीची बाहेर उघडलेली. दुसरी लांब वाटते. पट्टी लावून मोजा, दोन्ही सारख्या भरतात. पट्टी उचला, दुसरी पुन्हा लांब! मेंदू आजूबाजूच्या खुणांवरून लांबी-रुंदीचा अंदाज बांधत असतो, आणि आपल्याला खरं माप ठाऊक झालं म्हणून त्याचं हे काम थांबत नाही. मुलांना तक्त्याशेजारी पट्टी ठेवायला जरूर सांगा.

म्हणूनच मुलांचा ‘चकवा’ मला मनापासून आवडला. रातच्याला वावरातून गावाकडे निघालेला माणूस फिरून फिरून त्याच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर येतो, तेव्हा आपल्याकडे म्हणतात, ‘त्याले चकवा लागला.’ आपण चुकतोय हे त्याला कळत असतं, तरी पाय तिकडेच वळतात. मोजूनही न हटणाऱ्या भ्रमासाठी याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही. मोठ्या अक्षरात ‘दृष्टिभ्रम’ आणि त्याखाली ‘डोळ्यांना लागलेला चकवा’ असं लिहा.

‘नजरबंदी’ नको. ती कुणीतरी करतो, गारुडी किंवा जादूगार. शिवाय आपल्या भागात हिंदी पेपर वाचणाऱ्याला तो शब्द कैदेचा वाटेल, ज्याला मराठीत नजरकैद म्हणतात. ‘नजरचूक’ तर निराळीच, समोरचं बघायचं राहून गेलं की ती होते.

क्रियापदंही सांभाळा: भास होतो, दृष्टिभ्रम होतो, चकवा लागतो. आणि मथळ्यात ‘ष्टि’ ऱ्हस्व. ‘दृष्टी’ सुटा लिहिताना दीर्घ असला, तरी समासात मूळ संस्कृत ‘दृष्टि’ तसाच राहतो, जसा दृष्टिकोन, दृष्टिदोष.