मस्कीसाठी रॉड किती लांब, किती दमदार?

प्रश्न : नोकरीनिमित्त अमेरिकेतील विस्कॉन्सिनमध्ये राहतो. मस्की (गोड्या पाण्यातला मोठा, लांबट शिकारी मासा) धरण्यासाठी पहिला रॉड, म्हणजे गळाची काठी, घ्यायचा आहे. माझ्याकडचा ७ फुटी रॉड चालेल, की ९ फुटीच घ्यावा?

उत्तर : बोटीवरून गळ टाकणार असाल, तर साडेआठ ते ९ फुटांचा रॉड घ्यावा. लांब रॉडने आमिष दूर जाते हे खरेच. पण मुख्य कारण वेगळे आहे. मस्की पुष्कळदा आमिषाच्या मागे थेट बोटीपर्यंत येते आणि तेथेच घुटमळते, म्हणून दोर जवळजवळ पूर्ण गुंडाळल्यावर रॉडचे टोक पाण्यात बुडवून इंग्रजी आठाच्या आकारात फिरवावे लागते; रॉड आखूड असला की ही वळणे अरुंद होतात आणि एवढ्या लांब माशाला त्यांतून वळताच येत नाही. आपला ७ फुटी रॉड टाकून मात्र देऊ नये, कारण खाली झटके देऊन खेळवायच्या लाकडी आमिषांना, विशेषतः उंची बेताची असल्यास, तोच सोयीचा पडतो.

ताकद ठरवताना माशाच्या वजनापेक्षा आमिषाचे वजन पाहावे. रॉड किती वजनाचे आमिष पेलतो, याची मर्यादा त्यावर औंसांत (एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम) छापलेली असते. मोठ्या फिरत्या पात्यांची आमिषे वजनाने हलकी असूनही पाण्यात फार ओढ देतात, म्हणून त्यांना ‘हेवी’, म्हणजे जास्त ताकदीचा, रॉड लागतो. ८ औंसांच्या पुढच्या रबरी आमिषांना ‘एक्स्ट्रा हेवी’. एकच घ्यायचा असल्यास ‘हेवी’ घ्यावा आणि त्यावर ८० पौंडांचा ताण सोसणारा विणलेला दोर चढवावा.