हॅसलब्लाडची ८० मिमी प्लॅनर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: हॅसलब्लाडच्या ५०० सी/एम बॉडीवर ८० मिमी एफ/२.८ प्लॅनर लेन्स अडकली आहे. ती निघत नाही, फिल्म पुढे नेण्याची चावीही फिरत नाही. जोर लावू का?

उत्तर: मुळीच नको. या कॅमेऱ्यात शटर लेन्समध्ये असते. बॉडीचा छोटा दांडा लेन्सच्या मागच्या खाचेत बसतो आणि चावी फिरवली की दोन्हींच्या स्प्रिंगा एकदम ताणल्या जातात. एक ताणलेली आणि दुसरी सुटलेली राहिली, की अशी अडचण होते.

डार्क स्लाइड (फिल्मवर प्रकाश पडू न देणारी पट्टी) घालून मॅगझिन, म्हणजे मागची फिल्मची पेटी, काढा. मागच्या दोन झडपा हलक्या हाताने उघडून धरा. आत समोर, तळाशी, खाच असलेला स्क्रू दिसेल. लांब, बारीक स्क्रू ड्रायव्हरच्या पात्याला टोक सोडून चिकटपट्टी गुंडाळा, कारण लेन्सची मागची काच आणि आरसा तिथून फार लांब नाहीत. तो स्क्रू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, अडेपर्यंत फिरवा. मग लेन्स निघायला हवी. एवढ्यानेही निघाली नाही, तर ते मेकॅनिकचे काम समजा.

पुढे लेन्स काढण्याआधी चावी पूर्ण फिरवायची सवय ठेवा. बाहेर काढलेल्या लेन्सच्या दांड्याची खाच लाल ठिपक्याकडे असली, तरच ती ताणलेली. एक्स्टेन्शन ट्यूब (जवळून फोटो घेण्यासाठी बॉडी आणि लेन्समध्ये बसवायची नळी) वापरताना आधी बॉडीवर ट्यूब, मग लेन्स. काढताना याच्या उलट.

प्रश्न: एक सेकंदाच्या फ्रेम अपेक्षेपेक्षा काळ्या येतात. शटर बिघडले?

उत्तर: आधी बोट तपासा. बटण सोडताच मागच्या झडपा बंद होतात, लेन्सचे शटर उघडे असले तरीही. म्हणून संथ वेगांवर शटर मिटल्याचा आवाज येईपर्यंत बटण दाबून धरा. तसे करूनही फ्रेम बिघडत असतील, तर मॅगझिनविना एक सेकंद लावून ऐका: घरघर मध्येच अडखळली, तर वंगण सुकले आहे. सर्व्हिसिंगला पर्याय नाही. तेलाचा थेंब सोडायचा मोह आवरा, तो शटरच्या पात्यांपर्यंत पोहोचतो.

प्रश्न: ८० मिमी प्लॅनरची जुनी 'सी' आवृत्ती घ्यावी की नंतरची 'सीएफ'?

उत्तर: ५०० सी कॅमेरा १९५७ चा, त्याच्याबरोबरची 'सी' लेन्स सिंक्रो-कॉम्पुर शटरची. 'सीएफ' १९८२ ची, प्रॉन्टर शटरची. फिल्टरचे माप 'सी'ला बी५०, 'सीएफ'ला बी६०. 'सी'चे फिल्टर 'सीएफ'वर चालणार नाहीत. 'सी'वर इलेक्ट्रॉनिक फ्लॅश वापरताना फ्लॅश जुळवणीच्या खटक्याची खूण 'एक्स'वरच हवी; 'एम'वर फ्लॅश आधीच विझतो आणि जलद वेगाला फ्रेम कोरी राहते. 'व्ही' म्हणजे सेल्फ टायमर, जुन्या लेन्सवर त्याला हात न लावलेलाच बरा. 'सीएफ'वर ५०० मालिकेसाठी खूण 'सी'वर ठेवा.

टी-स्टार लेपासाठी (काचेवरचा परावर्तन कमी करणारा थर) फार पैसे मोजू नका, हूड लावा. कोकणातल्या हवेत राहिलेली लेन्स असेल तर टॉर्च तिरपा धरून काचांच्या कडा पाहा, बुरशीची जाळी तिथेच आधी दिसते.