काच मशीन बदलल्यापासून गाडीचं मागचं दार उघडत नाही, खरंच दार कापावं लागेल का?

दार कापू देऊ नका, आणि टॉमी, म्हणजे टायरवाल्यांची ती लोखंडी पहार, तर त्या दाराच्या जवळपासही फिरकू देऊ नका. बाकीचं सावकाशीनं वाचा.

तुम्ही लिहिलंय की काच मशीन, म्हणजे काच वर-खाली करणारं दारातलं यंत्र, बदलून गाडी घरी आणली, तेव्हापासून मागचं डावं दार आतूनही उघडत नाही, बाहेरूनही नाही. गॅरेजवाला म्हणतो लॉक गेलं, दार कापूनच काढावं लागेल. खर्च किती येईल आणि घरी काही करता येईल का, हे तुम्ही विचारलंय. त्याआधी एक प्रश्न तुम्ही त्यालाच विचारायला हवा होता. सकाळी चांगलं उघडणारं लॉक काच मशीन बदलता बदलता संध्याकाळी गेलंच कसं? लॉक पोलादाचं असतं, ते असं जात नाही. जातं ते त्याला जोडलेलं. बाहेरच्या हँडलपासून लॉकपर्यंत एक पातळ रॉड येतो आणि त्याला नखाएवढी प्लास्टिकची क्लिप धरून ठेवते. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं जातो. उन्हात उभ्या गाडीच्या दारात ती क्लिप वर्षानुवर्षं भाजून ठिसूळ झालेली असते. काच मशीन काढताना मिस्त्रीचं मनगट रॉडला लागतं, क्लिप तुटते, रॉड निसटतो. मिस्त्री तसंच पॅनल, म्हणजे दाराचं आतलं आवरण, ठोकून बसवतो आणि दार धाडकन लावतो. संपलं.

एवढं ठामपणे लिहितोय, कारण आमच्या घरी हेच झालं आणि त्यावरून दादाचं नि माझं अजून मिटलेलं नाही.

आम्ही अहमदपूरचे. मी आयटीआयला फिटर ट्रेड केला, दादा बी.एड. होऊन शाळेवर लागला. म्हणजे घरात काहीही बिघडलं की त्यातलं कळणार ते त्याला. गाडी त्याच्या नावावर, जुनी, मागच्या काचा हातानं फिरवायच्या. लातूरच्या एका गॅरेजात मागच्या डाव्या दाराला काच मशीन टाकून आणली आणि दुसऱ्या दिवशी भाचीच्या लग्नाला औशाला निघायचं, तर दार उघडेना. आईचे गुडघे गेलेले. ती कायम डावीकडं मागं बसते. पुढं बस म्हटलं की समोरून येणाऱ्या ट्रकांची भीती वाटते, आणि उजवीकडून चढ म्हटलं तर "हायवेच्या बाजूनं उतरू का मी?" म्हणते.

दादानं हँडल ओढलं. मग तो आणि पुतण्या, दोघांनी मिळून दार ओढलं. मग शेजारच्या टायरवाल्याकडून टॉमी आली. मी म्हटलं, दादा थांब, आतून पॅनल काढू. तर म्हणतो, "काय करूलालास रे, सर बाजूला. तुझ्या वर्कशॉपातला जॉब नाही हा." टॉमीचं टोक काचेच्या चौकटीत घातलं आणि दिला दाब. चौकट बोटभर बाहेर आली, दार जागचं हललं नाही. ओट्यावरून आई, "आरं दारासाठी भांडूलालाव का? रिक्षा बोलवा की."

तो चहा प्यायला आत गेला, तेव्हा मी सुरुवात केली. उजव्या दारानं शिरलो, काच पूर्ण वर घेतली, मागच्या सीटची खालची गादी काढून बाहेर ठेवली, नाहीतर पॅनलच्या खालच्या कडेला हात जात नाही. काचेच्या हँडलमागं तारेची स्प्रिंग क्लिप असते. तिथं फडकं घालून मागंपुढं ओढलं की ती उडून येते (कुठं उडाली त्यावर नजर ठेवा, सीटखाली गेली की मिळत नाही). आतल्या हँडलचा स्क्रू, हात धरायच्या कप्प्यातले स्क्रू, मग चपट्या पट्टीनं खालच्या कडेपासून एकेक बटण सोडवत पॅनल वर उचललं. दार बंद असतानाही पॅनल निघतं. दार ज्या खांबाला लागतं, त्या बाजूला जरा वाकवावं लागतं, एखादं बटण तुटतं. तुटू द्या. आत काळ्या चिकट पट्टीनं लावलेला प्लास्टिकचा कागद होता, तो न फाडता सोलला. बॅटरीच्या उजेडात बघितलं तर बाहेरच्या हँडलचा रॉड लॉकपासून सुटून नुसता लोंबत होता. आतल्या हँडलची जोडणी मात्र शाबूत.

मग आतून का उघडत नव्हतं? चाइल्ड लॉक. मागच्या दाराच्या कडेला, दार उघडल्यावरच दिसणारी ती बारीक कळ. काम करताना कुणाच्या तरी हातानं ती सरकली. घरात लहान मूल नसलं की ती कळ कुणाच्या ध्यानातही नसते. कळ लागली की आतलं हँडल निकामी, रॉड सुटला की बाहेरचं निकामी. बिघाड दोन्ही किरकोळ, पण एकदम आले की मिस्त्रीला वाटतं लॉकच जाम झालं. आणि कळ मागं घ्यायला आधी दार उघडायला पाहिजे. तुमचंही मागचंच दार आहे, तेही काच मशीननंतरच बिघडलंय. मी पैज लावायला तयार आहे.

पुतण्याला बाहेर उभं केलं आणि सांगितलं, दार ओढू नको, कमरेनं आत रेट. आतून लॉकवरची ती पट्टी, जिला रॉड अडकवलेला असतो, लांब पेचकसानं दाबली. खट्. उघडलं.

दादा चहा संपवून आला आणि म्हणाला, "मी आधी ढिलं करून ठेवलो म्हणून उघडलं."

आता हे नीट समजून घ्या, आणि दादा वाचत असेल तर त्यानंही. लॉकच्या आत एक फिरतं नख असतं, ते खांबावरच्या लोखंडी कडीला पकडतं. ते उलटं फिरू नये म्हणून मागं एक खिट्टी दाताला अडते, विहिरीच्या रहाटाला असते तशीच. हँडल ओढणं म्हणजे ती खिट्टी दातातून बाजूला घेणं, एवढंच. मारुती ८०० रस्त्यावर आली १९८३ साली, तेव्हापासून आजच्या गाड्यांपर्यंत तत्त्व हेच. दार बाहेर ओढलं की नख उलटं फिरायला बघतं आणि खिट्टीवर आणखी दाब चढतो. जोर जितका जास्त, खिट्टी तितकी घट्ट. त्यात दाराभोवतीचं रबर दाराला आधीच बाहेर ढकलत असतं. दार आत रेटलं की हा सगळा भार उतरतो आणि खिट्टी हलकी सुटते. अपघातात दार उघडू नये म्हणूनच तर ते असं बनवलेलं असतं. टॉमीनं ते ढिलं होत असतं तर चोरांना दुसरं काही शिकायलाच नको. टॉमीनं वाकला तो फक्त पत्रा. ती चौकट अजून तशीच आहे. महामार्ग ३६१ वर गाडी ८० च्या पुढं गेली की शिट्टी वाजते, पावसात मागची सीट भिजते. दादा म्हणतो रबर खराब आहे. त्यानं रबर बदललंही. शिट्टी वाजतेच.

तर तुम्ही आधी बाहेरचं हँडल ओढून हाताला काय लागतंय ते बघा. अगदी ढिलं, काही वजनच नाही, तर रॉड सुटलाय. नेहमीसारखं जड लागत असेल तर एकानं दार आत रेटायचं आणि दुसऱ्यानं त्याच वेळी हँडल ओढायचं, कधीकधी एवढ्यावरच काम होतं. लॉकचं बटण वर आहे ना तेही बघा, हसू नका. दार उघडलं की चाइल्ड लॉकची कळ मागं घ्या, आणि काही झालं तरी दार लगेच लावू नका. दार उघडंच ठेवून पेचकसानं लॉकचं नख फिरवून बंद करायचं, दोन टप्प्यांत दोनदा खट् वाजतं. मग बाहेरचं हँडल ओढायचं, नख सुटलं पाहिजे. पुन्हा बंद करून आतलं ओढायचं. दोन्हीनं सुटल्याशिवाय दार लावणारा मिस्त्री माझ्या लेखी मिस्त्रीच नाही, त्याचं गॅरेज कितीही मोठं असो.

खर्चाचं म्हणाल तर त्याच गॅरेजवाल्याकडं जा आणि मजुरीचा एक रुपया देऊ नका. त्याच्या हातून सुटलंय, त्यानंच जोडायचं. क्लिप नाही, तारेनं बांधून देतो म्हणेल. बांधू देऊ नका, तार सरकते आणि पुढच्या वर्षी पुन्हा हीच रडकथा. नवी क्लिप लावून घ्या, आणि पॅनल बसवण्याआधी प्लास्टिकचा कागद नीट चिकटवायला लावा, नाहीतर पावसाळ्यात पाणी थेट पायाखालच्या मॅटमध्ये.

एक राहिलंच. आमच्या गाडीला सेंट्रल लॉक नव्हतं. तुमच्याला असेल तर दारातल्या मोटरचा कनेक्टर लावायचा राहिला असण्याचीही शक्यता आहे. रिमोट दाबून दाराला कान लावा. बाकीच्या दारांतून आवाज येतो आणि यातून येत नाही, तर लॉकचं बटण हातानं वर ओढून मग हँडल ओढा. आणि पॅनल काढल्यावर आत पिवळ्या कनेक्टरची वायर दिसली तर ती एअरबॅगची समजा, तिला हात लावू नका आणि पुढचं काम माहितगारालाच करू द्या.