वाचक विचारतात : वस्तीतली एचआयव्ही तपासणी

प्रश्न : निपाणी तालुक्यातल्या आमच्या वस्तीत विडी कामगार बायका, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आणि काही देवदासी राहतात. मागच्या एचआयव्ही शिबिराला कुणी फिरकलंच नाही. यंदा काय बदलावं? आणि तपासणीच्या पट्टीवर पुसट रेघ आली तर? – महिला मंडळ कार्यकर्ती

उत्तर : ताई, आधी तो 'एचआयव्ही शिबिर'चा फलक उतरवा. त्या मांडवात शिरताना चारचौघांत कोण दिसेल? बीपी, शुगर, रक्त तपासणीसोबत हीही ठेवा. मात्र रक्त घेतलंच आहे म्हणून गुपचूप तपासू नका. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं संमती लागतेच. कन्नड कागदावर अंगठा घेतला म्हणजे संमती झाली, असं आपल्याकडे सर्रास चालतं. मराठीत समजावून सांगणारं माणूस बसवा, तेही आडोशाला. देवदासींच्या गल्लीतच शिबिर लावलं तर शिक्का त्या गल्लीवर बसतो, समाजमंदिर बरं. वेळ विड्या देऊन बायका परतल्यावरची, आणि तारीख टोळ्या ऊसतोडीला निघण्याआधीची धरा.

तपासणी प्रशिक्षित कर्मचाऱ्यानंच करावी. स्पिरिट वाळू द्यावं, पहिला थेंब पुसून पुढचा घ्यावा. रक्त किंवा द्रावण कमीजास्त पडलं की निकाल फसतो. कंट्रोलची, म्हणजे पट्टी नीट चालल्याची, रेघ उमटली नाही तर पट्टी बाद, नवी घ्यायची. किटवर दिलेल्या वेळेत दिसलेली पुसट रेघसुद्धा 'रिॲक्टिव्ह', म्हणजे पुढे खात्री करण्याजोगी, धरतात. वेळ उलटल्यावर उमटलेली धरत नाहीत. मे महिन्यात किट गाडीत तापत ठेवू नका.

रिॲक्टिव्ह म्हणजे एचआयव्ही झाला असं नव्हे. आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात, तीन वेगवेगळ्या किटनी खात्री करतात, फुकट. बाई एकटी पाठवली की वाटेतच गळते. तिची हरकत नसेल तर सोबत जा. ओळखीच्या भीतीनं तिला कोल्हापूरला जायचं असेल तर जाऊ द्या, कर्नाटक-महाराष्ट्र सीमा इथं आड येत नाही. औषधंही मोफत असतात, आणि नंतर दुसऱ्या एआरटी (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या) केंद्रात नाव हलवता येतं.

प्रश्न : दोन आठवड्यांपूर्वी निरोध न वापरता संबंध आला. पट्टीवर काही आलं नाही. निश्चिंत राहू? – ट्रकचालक, खानापूर

उत्तर : नाही. पट्टी विषाणू नव्हे, शरीर त्याच्याविरुद्ध बनवतं ती प्रतिपिंडं शोधते, आणि ती तयार व्हायला वेळ लागतो. संबंधापासून तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, तोवर निरोध वापरा. पहिल्या ७२ तासांत सरकारी दवाखाना गाठला असता तर प्रतिबंधक गोळ्या सुरू करता आल्या असत्या. शंका असल्यास एड्स हेल्पलाइन १०९७ वर फोन करा, पैसे पडत नाहीत.